जाफन्यांतील दोन रविवार

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही सहा जण बारा दिवसांकरितां श्रीलंकेच्या उत्तर टोंकास, जाफना येथें, जाऊन आलों. शाळा सुरू होतांच वरच्या वर्गांतील मुलांनीं आम्हांस गांठून विचारिलें, "सर, तेथें तुम्हीं काय काय केलें?" प्रश्न साहजिक होता. सेवाकार्यासाठीं परदेशीं जाणारा मनुष्य कांहीं तरी करण्यासाठींच जातो, अशी सर्वांची समजूत असते. आमचीहि तीच होती. मुलांचे वर्ग घेतले, एका पुस्तकालयांतील ग्रंथांची यादी करून दिली, आमच्या सोबतच्या परिचारिका बाईंनीं शाळेंतील मुलांचे डोळे तपासले, हें सर्व अहवालांत लिहून झालें आहे व तें येथें पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं. ह्या लेखांत आम्हांस तेथील ख्रिस्ती बंधुभगिनींबरोबर केलेल्या दोन रविवारच्या उपासनेविषयीं लिहावयाचें आहे. त्यांपैकीं पहिली आमच्या हातून बिघडली.

जाफन्याचें व आपलें नातें जुनें आहे. आपल्या मुलांस तें ठाऊक नसतें, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. १८१२ सालच्या फेब्रुवारींत अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी हिंदुस्थानास यावयास निघाले. त्यांत सॅम्युएल न्यूएल व त्यांची तरुण पत्नी हॅरिएट हीं होतीं. कलकत्त्यास पोंचतांच कंपनी सरकारनें ह्या मंडळींस देशांत राहण्याची मनाई केली. न्यूएल दांपत्य जहाजानें मॉरिशस बेटाकडे गेलें. वाटेंत त्यांचें तान्हें मूल दगावलें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हॅरिएटबाईहि त्या बेटावर निवर्तल्या. त्यांचें वय अवघें एकोणीस होतें. आपल्या शाळेंतून बाहेर पडून दोन-तीन वर्षें झालेल्या मुलीएवढें. एकटे उरलेले न्यूएल १८१३ मध्यें सिलोनांत आले. तेथील राज्य कंपनीचें नसून इंग्लंडच्या राजाचें होतें, त्यामुळें तेथें मिशनऱ्यांस आडकाठी नव्हती. जाफना हें कार्यास योग्य क्षेत्र आहे असें त्यांनीं बोर्डास कळविलें, व स्वत: मुंबईस येऊन गॉर्डन हॉल ह्यांस मिळाले. १८२१ सालीं मुंबईंतच पटकीच्या आजारानें त्यांचा अंत झाला. इकडे १८१६ मध्यें अमेरिकन मिशनरी जाफन्यास पोंचले, आणि डच अमलांत बांधलेल्या व पुढें ओसाड पडून छपरें गेलेल्या देवळांची डागडुजी करून त्यांनीं आपलें काम सुरू केलें.

पुढील गोष्टीहि दोन्हीकडे जोडीनें घडत गेल्या. १८२४ सालीं जाफन्यांत उडुविल येथें मुलींची निवासी शाळा निघाली, त्याच सालीं मुंबईंत अमेरिकन मिशननें मुलींची शाळा काढिली. १८४१ च्या जानेवारींत तिकडे 'उदयतारकै' नांवाचें पत्र निघालें आणि १८४२ च्या जूनमध्यें अहमदनगरास 'ज्ञानोदय'. एका घरचीं भावंडें हीं. दोघांच्याहि नांवांत उदय आहे. जाफन्याच्या मंडळ्या १९४७ पासून चर्च ऑफ साउथ इंडियांत आहेत व आपल्या मंडळ्या १९७० सालीं नागपुरास स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत. देश श्रीलंका आणि मंडळीचें नांव मात्र दक्षिण हिंदुस्थानचें, ह्याची आमच्यांतील कॉलेजच्या दोघां विद्यार्थ्यांस मोठी मौज वाटली.

आम्ही आगगाडीनें चेन्नईस गेलों व तेथून विमानानें जाफन्यास. हा प्रवास फार तर दीड तासाचा. खालीं पाहावें तों नदी म्हणून कोठें दिसत नाहीं. सारी जमीन चुनखडीची, शेती विहिरींच्या पाण्यावर, आणि जिकडे तिकडे ताडांचीं बनें. कुंपणें देखील ताडाच्या वाळलेल्या पानांचीं. गांवांतून जातांना मधूनच एखादें बिनछपराचें घर लागतें. भिंती उभ्या, आंत झाड वाढलेलें. १९८३ पासून २००९ पर्यंत ह्या बेटावर यादवी युद्ध चाललें होतें. अशा घरांचे धनी कोठें म्हणून विचारिलें तर कोणी कॅनडा म्हणे, कोणी इंग्लंड म्हणे, आणि कोणी नुसताच हात हालवी.

ज्या मंडळींत आम्ही उतरलों होतों तिचें देऊळ लहान पण जाड भिंतींचें आहे. चपला बाहेर काढून आंत जावयाचें. एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस डोक्यावर पदर घेतलेल्या स्त्रिया, आणि पुढें सतरंजीवर मुलें. वडील मंडळी पांढरें धोतर लुंगीसारखें गुंडाळतात. वेदीपाशीं पितळेची समई होती व तिच्या शेंड्यावर क्रूस. पेटी आणि मृदंग हीं वाद्यें. आपल्याकडच्या खेड्यांतील मंडळींत वाढलेल्या मनुष्यास ह्यांत परकें असें फार थोडें आहे.

भाषा मात्र समजत नव्हती, पण तमिळ उपासना ऐकतां ऐकतां मराठी कान टवकारतात. प्रार्थनेस तेथें 'जेबम्' म्हणतात, म्हणजे आपला जप. बाप्तिस्म्यास म्हणतात 'ज्ञानस्नानम्'. प्रभूस 'कर्त्तर', म्हणजे कर्ता. देवळास 'आलयम्'. ख्रिस्ती मनुष्य दुसऱ्यास भेटला कीं हात जोडून 'स्तोत्तिरम्' म्हणतो. आपण मराठींत ज्ञानस्नान असा शब्द कां घेतला नाहीं कोण जाणे. आम्हांस तो फार आवडला. गायनें दोन तऱ्हेचीं असतात. कांहीं इंग्रजी चालींवर बसविलेलीं आणि कांहीं देशी रागांतील, त्यांस 'कीर्त्तनै' हें नांव आहे. आपल्या पदांस ध्रुवपद असतें तशी कीर्त्तनैस पल्लवी असते, मग अनुपल्लवी, मग चरणम्. ह्या प्रकारचे थोर कवि वेदनायगम् शास्त्री (१७७४–१८६४) हे तंजावरचे. श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन मिशनऱ्यापाशीं ते शिकले, आणि तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी हेहि त्याच गुरूच्या हाताखालीं वाढले. दोघांचा स्नेह पुढें टिकला. आपले रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) ह्यांच्या जन्माच्या वेळीं शास्त्री सत्याऐंशी वर्षांचे होते. देशी रागांत ख्रिस्ताची भक्ति गाणें ही आपणच काढिलेली रीति, अशी आमची कित्येक वर्षें समजूत होती. ती ह्या प्रवासांत गेली.

आतां पहिल्या रविवारची हकीगत. आम्ही शुक्रवारीं पोंचलों. सायंकाळीं तेथील पाळक भेटावयास आले आणि चहा घेतां घेतां म्हणाले, "रविवारीं उपासनेंत आपण सलामाचे चार शब्द सांगाल काय?" आम्हीं तयारीनें गेलों होतों. घरून निघण्यापूर्वीं महिनाभर दर शनिवारीं आमचा सराव चाले. आम्हीं खिशांतून कागद काढून त्यांच्या हातीं दिला. त्यावर प्रत्येकाची ओळख, टाळ्यांच्या व हावभावांच्या दोन मराठी गाण्यांचा कार्यक्रम, एका विद्यार्थ्याची साक्ष आणि शेवटीं आमचा उपदेश, असें सर्व क्रमवार मांडलें होतें. पाळकांनीं कागद वाचला. थोडा वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग कागदाची घडी करून खिशांत ठेवीत म्हणाले, "सरि." सरि म्हणजे ठीक. आपलें 'बरें' जसें नाना सुरांत म्हणतां येतें तसेंच त्यांचें सरि आहे, हें आम्हांस तेव्हां कळलें नाहीं.

रविवारीं सर्व कार्यक्रम आम्हीं योजिल्याप्रमाणें पार पडला. गाणीं जोरांत झालीं, मुलांनीं आमच्याबरोबर टाळ्या वाजविल्या. उपदेश वीस मिनिटांचा होता, पण दुभाष्यामुळें तो चाळीस मिनिटांचा झाला. पुढच्या बांकांवर कांहीं वृद्ध स्त्रिया बसल्या होत्या. आमचीं गाणीं चाललीं असतां त्यांतील दोघी-तिघींनीं डोळ्यांस पदर लावला. आम्हांस वाटलें, आमच्या गायनानें त्यांचें अंत:करण हेलावलें. हें लिहितांना लाज वाटते, पण त्या क्षणाचें छायाचित्रहि आमच्यांतील एकानें घेतलें होतें. दुपार झाली, ऊन फार होतें. पाळकांनीं घाईनें आशीर्वाद देऊन सभा संपविली.

सर्व बाहेर पडल्यावर परिचारिका बाईंचें लक्ष समईपाशीं ठेवलेल्या एका तबकाकडे गेलें. तें घड्या घातलेल्या कागदांच्या चिठ्ठ्यांनीं भरलेलें होतें. हें काय म्हणून त्यांनीं मंडळीच्या एका वृद्ध वडिलांस विचारिलें. हे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. सारे गांव त्यांस 'ऐया' म्हणे, म्हणून आम्हीहि म्हणत असूं. ऐया म्हणाले, "१८ मे जवळ आली ना, बाई. २००९ सालीं त्या दिवसांत युद्ध संपलें. त्याच्या अगोदरच्या रविवारीं आम्ही गेलेल्यांचीं नांवें वाचतों. आणि जे गेले कीं आहेत हेंच कळलें नाहीं, त्यांचींहि. घरोघरचे लोक चिठ्ठ्या आणून ठेवतात. आज वेळ उरला नाहीं. पुढल्या रविवारीं वाचूं." त्यांच्या बोलण्यांत दोष देण्याचा सूर मुळींच नव्हता. तसा तो असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

त्या दुपारीं आमच्यापैकीं कोणाच्याहि गळीं घांस उतरला नाहीं. आम्हांस राहून राहून आमच्या लहानपणची एक गोष्ट आठवत होती. नगर जिल्ह्यांतील आमच्या गांवीं एकदां पीक-उपकाराच्या रविवारींच दूरदेशचे पाहुणे आले. त्यांच्या स्वागतासाठीं लोकांनीं आणलेलें धान्य व कोंबड्या देवळामागें नेऊन ठेविल्या, भजन रद्द झालें, आणि आम्हां मुलांस उन्हांत उभें करून स्वागतपद्य म्हणवून घेतलें. आमची आजी घरीं आल्यावर म्हणाली, "आज देवाचे उपकार मानायचे राहूनच गेले कीं रे." तिचा तो राग आम्हांस चांगला समजला होता, आणि तरीहि चाळिशी उलटल्यावर आम्हीं दुसऱ्यांच्या देवळांत जाऊन तेंच केलें. पाहुणेपणाचें वस्त्र अंगावर चढलें कीं मनुष्य इतका विसराळू होतो.

सायंकाळीं पाळकांच्या घरीं जाऊन आम्हीं क्षमा मागितली. ते म्हणाले, "पाहुण्यांस नाहीं म्हणण्याची आमच्यांत रीत नाहीं, तशी आपल्यांतहि नसेल. आपण बारा तासांची वाट तुडवून आलांत, तें आम्हांस मोठें आहे." मग किंचित् हंसून त्यांनीं विचारिलें, "पुढल्या रविवारचा कागद आहे काय?" होता. तो आम्हीं त्यांच्यासमोर फाडला. त्यांनीं तुकडे उचलून चुलीकडे दिले.

त्या आठवड्यांत १८ तारीख आली. त्या दिवशीं देवळाच्या आवारांत मोठ्या पातेल्यांत तांदळाची कांजी शिजवून येईल त्यास वाढीत होते. मीठ जेमतेम, बाकी त्यांत कांहीं नाहीं, पाणीच अधिक. आमच्यांतील रत्नागिरीकडच्या एका गृहस्थांनीं करवंटी हातीं घेऊन पाहिलें आणि म्हणाले, "ही तर आपली पेज." ऐयांनीं सांगितलें कीं युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत मुल्लैत्तीवु जिल्ह्यांतील मुळ्ळिवाय्क्काल येथील समुद्रकांठच्या चिंचोळ्या पट्टींत लाखों माणसें कोंडलीं गेलीं, तेव्हां हीच काय ती पोटांत जाई. म्हणून तमिळ लोक त्या दिवशीं ती मुद्दाम पितात. ख्रिस्तीहि पितात, हिंदूहि पितात. आमच्या विद्यार्थ्यांचे फोन त्या दिवशीं खिशांतून बाहेर आले नाहींत. कोणीं सांगितलें नव्हतें.

दुसऱ्या रविवारीं आम्ही वेळेच्या अर्धा तास आधीं गेलों आणि जागा मिळेल तेथें लोकांमध्यें बसलों. बाया स्त्रियांकडे, आम्ही पुरुषांकडे. गीतांचें पुस्तक हातीं दिलें तें उलटें धरलें आहे कीं सुलटें एवढेंहि कळेना, तेव्हां शेजारच्या मुलानें तें नीट करून दिलें व ओळीवर बोट ठेविलें. शब्द येत नव्हते, म्हणून नुसती चाल गुणगुणलों. प्रभूची प्रार्थना आली तेव्हां पाळकांनीं आमच्याकडे पाहून आपापल्या भाषेंत म्हणण्याची खूण केली. आम्ही सहा जणांचे मराठी शब्द त्या तमिळ आवाजांत कोठें बुडाले तें आमचें आम्हांसहि ऐकूं आलें नाहीं.

मग तबक पुढें आलें. पाळक एक चिठ्ठी उघडीत, नांव वाचीत, थांबत आणि दुसरी उघडीत. कांहीं चिठ्ठ्यांवर एकाच घरचीं तीन-चार नांवें होतीं. आम्हांस त्यांतील एकहि मनुष्य ठाऊक नव्हता. तरी थोड्या वेळानें एक गोष्ट ध्यानांत आली. नांव वाचलें जाई तेव्हां देवळांत कोठें तरी एक डोकें खालीं जाई, आणि आसपासचीं माणसें न बघतां त्या बाजूस किंचित् सरकून बसत. हें वाचन पाऊण तास चाललें. कोणी घड्याळ पाहिलें नाहीं.

त्यानंतर प्रभुभोजन झालें. चर्च ऑफ साउथ इंडियाच्या उपासनेंत भोजनापूर्वीं शांतीची देवघेव करण्याची एक रीति आहे. १९५० सालीं तयार झालेल्या त्यांच्या उपासनाक्रमांत ती केरळांतील सुरियानी ख्रिस्ती लोकांकडून आली. पाळक प्रथम आपल्या मदतनिसांस शांति देतो, ते ओळीच्या टोंकास बसलेल्यास, तो शेजाऱ्यास, अशी ती हातोहात सर्व सभेंत फिरते. देणाऱ्यानें आपला उजवा तळहात घेणाऱ्याच्या उजव्या तळहातास लावावयाचा आणि दोघांनीं आपापला डावा हात दुसऱ्याच्या उजव्या हातावर मिटावयाचा. हस्तांदोलनापेक्षां ह्याला वेळ लागतो, आणि हात झटकन् सोडवून घेतां येत नाहीं. ह्या शांतीस तमिळ मंडळी 'समाधानम्' म्हणतात. मराठींत समाधान म्हणजे पोट भरल्यावर, काम उरकल्यावर जें वाटतें तें. त्या देवळांत तो शब्द ऐकतांना आमच्या मनांत दोन्ही अर्थ एकमेकांस धक्के देत होते, कारण तेथें कोणाचेंच काम उरकलें नव्हतें. आमच्या ओळींत शांति आणली ती ऐयांनीं. त्यांचा हात खरखरीत व ऊन होता. ती घेऊन पलीकडच्या तरुणास आम्हीं दिली, तेव्हां प्रथमच आम्हांस आपण त्या सभेंतले आहों असें वाटलें.

आपल्या मंडळींतील तरुण आतां अशा लहान सेवायात्रांवर पुष्कळ जाऊं लागले आहेत. कोणी नेपाळास जातात, कोणी आफ्रिकेंत. त्यांस आमचें सांगणें असें कीं तेथें पोंचल्यावर पहिला प्रश्न 'आम्हीं काय म्हणावें' हा न विचारतां 'येता रविवार तुमच्याकडे कसला आहे' हा विचारावा. निदान एक उपासना तरी शेवटच्या बांकावर बसून काढावी. सरावाचीं गाणीं घेऊन जावयास हरकत नाहीं. तीं संध्याकाळीं अंगणांत मुलांबरोबर म्हणतां येतात, आणि आमचीं तेथेंच अधिक रंगलीं. पालकांसहि एक विनंति आहे. मूल परत आल्यावर त्याच्याजवळ छायाचित्रांचा ढीग मागूं नये. वेदीपाशीं उभें राहून फोटो काढण्याचा मोह बहुतेक घरच्या लोकांसाठींच होतो.

आमच्या निघण्याच्या आदल्या सायंकाळीं पहिल्या रविवारीं डोळ्यांस पदर लावणाऱ्यांपैकीं एक बाई आमच्या मुक्कामीं आल्या. परिचारिका बाईंस त्या 'अक्का' म्हणत, वयानें स्वत: मोठ्या असूनहि. त्यांनीं एक चिठ्ठी पुढें केली. तीवर त्यांच्या मुलाचें नांव होतें. त्याला शेवटचें पाहिलें तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता. तें नांव तुमच्या लिपींत लिहून घ्या आणि तुमच्याहि देवळांत एकदां वाचा, एवढेंच त्यांचें मागणें होतें. ऐयांनीं तें आम्हांस समजावून सांगितलें. लिहावयास बसलों तेव्हां अडचण पडली. तमिळ लिपींत क आणि ग ह्यांस अक्षर एकच, प आणि ब ह्यांसहि एकच. नुसत्या चिठ्ठीवरून उच्चार कळेना. म्हणून आम्हीं त्यांस नांव उच्चारावयास सांगितलें. त्यांनीं तें म्हटलें, आम्हीं लिहिलें, वाचून दाखविलें. त्यांनीं मान हालविली. एक अक्षर चुकलें होतें. तें खोडून पुन्हां लिहिलें. तिसऱ्या खेपेस आम्हीं वाचलेलें नांव त्यांस बरोबर वाटलें, आणि मग त्यांनीं तें आणखी एकदां, आम्हांस नव्हे, दाराकडे पाहून, हांक मारावी तसें म्हटलें.

तें नांव आम्ही येथें छापीत नाहीं. आपल्या देवळांत जूनच्या पहिल्या रविवारीं तें वाचलें गेलें, आणि कागद वेदीवरील पवित्र शास्त्रांत ठेविला आहे.